अडवून ठेवलेली जागा

भुईमूग काढायला आला आणि पावसानं ओढ दिली. जमीन अशी आवळली, की झाड ओढलं की हातात नुसता पाला यायचा आणि शेंगा मातीतच राहायच्या. एकेक झुपका कुदळीनं सैल करून घ्यावा लागत होता. त्यात धाकट्याची कंबर धरली. मजूर आधीच मोठ्या बागायतदारांनी पळवले होते. धाकट्याच्या बायकोनं फोनवर एवढंच सांगितलं, "हे वाकू शकत नाहीत, भाऊजी. खारू आणि मी दोघींनी किती ओढायचं?" आणि थोरल्यानं रजा टाकली.

थोरला शहरात पाटबंधारे खात्यात साहेब होता. बऱ्याच वर्षांनी तो असा भर हंगामात, शेतात हात घालायला आला होता. पहिल्याच दिवशी त्याच्या तळहातांना फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले.

"काका, ती कुदळ आहे, पेन नाही," खारू म्हणाली. "अशी दाबून धरली तर काय लिहिणार आहे का ती?"

सगळे हसले. धाकटाही हसला आणि हसता हसता कंबरेला हात लावून कण्हला. तो बांधावर पोतं अंथरून बसायचा आणि उपटलेल्या झाडांच्या शेंगा तोडायचा. बसलेला असला तरी सगळ्या शेतावर त्याचं लक्ष असायचं. "दादा, मुळापासून लांब मार. शेंगा कापल्या जातात. तू खाली बघ ना जरा, कुठं बघतोयस?"

खारू ही धाकट्याची एकुलती एक. लहानपणी शेंगांच्या ढिगात बसून सालपटांचा डोंगर करायची, म्हणून तिला खारू नाव पडलं आणि ते चिकटलं. आता ती बारावी झाली होती. गुरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात तिला जायचं होतं. त्यांच्या समाजासाठी राखीव असलेल्या जागांत तिचा नंबर थोडक्यात हुकला होता. प्रतीक्षा यादीत ती पहिली होती. वरच्यातल्या एकानं जागा सोडली की ती आत.

"कोण असतील रे ही पोरं?" धाकट्यानं विचारलं. "नावं नसतात का यादीत?"

"नुसते नंबर असतात, बाबा," खारू म्हणाली.

"एकानं सोडली तरी पुरे. सोडेल कुणीतरी. दोन-दोन ठिकाणी भरतात म्हणे."

"सोडेल नाहीतर नाही सोडणार. त्यालाही हवीच असेल ना? मी काय त्याचं वाईट चिंतत बसू?"

थोरल्यानं कुदळ उचलली आणि घातली. मुळावरच बसली. पांढऱ्या, ओल्या शेंगा मधोमध चिरल्या गेल्या.

त्याला माहीत होतं. दोन्ही अर्ज त्यानंच भरले होते, आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर, एकाच रविवारी. आधी खारूचा भरला. मग बायको म्हणाली, आपल्याचाही भरून ठेवा, असू दे. मुलाला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग हवं होतं आणि त्याची यादी अजून लागायची होती. गुरांच्या कॉलेजची यादी लागली तेव्हा राखीव जागांतला अगदी शेवटचा नंबर मुलाचा निघाला. त्याच्या खाली खारूचा. चुलत भावंडांत चार-सहा मार्कांचा फरक. मुलाला दोन वर्षं क्लास लावला होता. खारूचा क्लास म्हणजे मोबाइल, तोही बापाचा, तो शेतातून आल्यावर.

हे गावात कुणाला माहीत नव्हतं. मुलालाही माहीत नव्हतं. त्याला यादीत आपलाच नंबर तेवढा ठाऊक होता.

दुपारी ट्रॅक्टरवाला आला. त्याची जमीन शेजारचीच, पण पाच पट. ट्रॅक्टर त्याचा, मळणीचं मशीनही त्याचंच. शेंगा वाळल्या की मशीन त्याच्याकडूनच मागवायचं, म्हणून धाकटा त्याच्याशी कधी वर तोंड करून बोलायचा नाही. ट्रॅक्टरवाला मनानं वाईट नव्हता. आला तेव्हा त्याच्या हातात धाकट्यासाठी कंबरेला लावायच्या मलमाची ट्यूब होती. पण बसल्यावर तो बोललाच.

"साहेब, राग मानू नका. माझ्या पोराला तुमच्या खारूपेक्षा जास्त मार्क आहेत. तो घरी बसून छताकडं बघतोय. आणि हिला आज ना उद्या जागा मिळणार. हा कुठला न्याय?"

धाकट्यानं मान खाली घालून शेंगा तोडायला सुरुवात केली. त्याच्या बायकोनं पाण्याची कळशी उचलली आणि ती उगीचच विहिरीकडं निघाली. थोरल्याला ते दोघांचं गप्प होणं सहन झालं नाही.

"तुमच्या मुलाला नाही मिळाली तर त्याला जमीन आहे, ट्रॅक्टर आहे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी पैसे भरून दुसरीकडं घालाल. हिला नाही मिळाली तर ही उद्यापासून तुमच्याच शेतात रोजानं येणार. ते चालतं का तुम्हाला?"

"असं नाही हो—"

"मी नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात माझा पेला वेगळा होता. कुणी काही बोललं नाही. नुसता वेगळा, खिडकीत ठेवलेला. मला वाटलं, नव्या माणसाला नवा पेला दिलाय. महिनाभर मी खूश होतो."

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ते तुमचं झालं, साहेब. ते चूकच. पण तुमच्या मुलाचं सांगा. त्याचा पेला कुणी वेगळा ठेवला? साहेबाचं पोरगं आणि ही कुदळ मारणारी पोरगी, दोघं एकाच रांगेत कसे?"

थोरल्याला यादीतले ते दोन नंबर आठवले. तरी तो बोलला, आणि बोलला ते खोटं नव्हतं. "घर भाड्यानं बघायला गेलो की आधी आडनाव विचारतात, मग घर आधीच गेलेलं असतं. मुलगा सोबतच असतो तेव्हा. त्याला सगळं कळतं."

ट्रॅक्टरवाल्यानं मान हलवली. पटल्यासारखी नाही आणि न पटल्यासारखीही नाही. मलमाची ट्यूब धाकट्याच्या पोत्यावर ठेवून तो गेला.

खारू कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभी होती. तिचा चेहरा फुलला होता. "काका, एकदम गप्प केलंत त्यांना," ती म्हणाली. "मला असं कधी सुचतच नाही. नुसता राग येतो आणि रडू येतं."

थोरला वळून कामाला लागला. तिची ती नजर पाठीला लागली होती, आणि ऊन त्यापेक्षा बरं होतं.

फोनला रेंज फक्त विहिरीच्या काठावर यायची. संध्याकाळी तो तिथं गेला.

"सोडू का ती जागा, बाबा?" मुलानं पहिल्यांदा तेच विचारलं. "मला नाही जमायचं ते. रक्त बघितलं तरी पोटात कालवतं माझ्या. नुसती अडवून कशाला ठेवायची?"

"तुझी दुसरी यादी लागली का?"

"नाही. पण लागेल की. आणि नाही लागली तर बीएस्सी करेन. मी मागेही विचारलं होतं, तुम्ही बघू म्हणालात."

"थांब जरा. आईला दे."

बायकोनं फोन घेतला आणि आत गेली. दार लावल्याचा आवाज आला. तिला सगळं माहीत होतं.

"खारू पहिली आहे," थोरला हळू म्हणाला. "परवा शेवटचा दिवस. तोपर्यंत सोडली तर तिला मिळेल."

"आणि आपल्याला कॉम्प्युटर नाही मिळालं तर?"

"त्याला गुरांचं कॉलेज नकोच आहे."

"अठरा वर्षांच्या मुलाला काय हवं ते कळतं का? आपण काही कुणाचं हिसकावून घेतलं नाही. त्याचे मार्क आहेत, त्याचा हक्क आहे. परवापर्यंत थांबू, दुसरी लागली तर लगेच सोडू. सध्या नुसता रुमाल टाकून ठेवलाय म्हणा." मग तिचा आवाज बदलला. "मला काय खारूचं वाईट वाटत नाही? पण आपला पोरगा रिकाम्या हातानं राहिला तर लोक काय म्हणतील माहीत आहे ना? राखीव असून यांना तेवढंही जमलं नाही, म्हणतील. तुम्ही ऐकलंय हे. मीही ऐकलंय."

तिचं म्हणणं त्याला तोंडपाठ होतं. गेले कित्येक दिवस तो स्वतःलाच हे सांगत होता.

शेवटच्या दिवशी खारू सकाळपासून सारखी विहिरीकडं पळत होती. मोबाइल ओढणीच्या टोकाला बांधलेला. ओढणी सोडायची, बघायची, पुन्हा गाठ मारायची. आई ओरडली, "अगं, झाडं कोण उपटणार?" तरी ती जायचीच. दुपारनंतर ती थोरल्याजवळ येऊन उकिडवी बसली.

"काका, तुम्हाला ऑफिसातलं कळतं. शेवटच्या तासातसुद्धा सोडतात का लोक?"

"सोडतात कधी कधी."

"मग आहे आशा?"

"वाट बघू," थोरला म्हणाला.

खिशात त्याचा फोन होता. विहीर हाकेच्या अंतरावर होती. जायचं, पोराला एक वाक्य सांगायचं. त्यानं मनाशी ठरवलं, ही ओळ संपली की जायचं. ओळ संपली. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी एक झाड अर्धवट सुटलं होतं, ते काढायला तो वाकला. मग त्याच्या शेजारचं. तळहातातून रक्त येत होतं आणि दांडा चिकट झाला होता. तो इतक्या जोरात कुदळ घालत होता, की धाकटा बांधावरून म्हणाला, "दादा, दमानं घे रे, शेत काय पळून चाललंय?" ऊन उतरलं, सावल्या लांबल्या आणि कार्यालयं बंद व्हायची वेळ होऊन गेली. तेव्हा कुठं त्यानं पाठ सरळ केली.

खारू विहिरीवरून परत आली. ओढणीची गाठ तिनं मारली नव्हती, मोबाइल नुसता हातात होता. "नाही झालं," ती म्हणाली आणि आईजवळ बसून शेंगा तोडायला लागली. ती रडली नाही. जेवायच्या वेळी तिनं उलट बापालाच समजावलं, की कुणीतरी तिच्यापेक्षा गरजू असेल.

दोन दिवसांनी मुलाची यादी लागली. कॉम्प्युटर मिळालं होतं. विहिरीच्या काठावर उभं राहून थोरल्यानं ते ऐकलं आणि त्याला आनंद झाला. अगदी छातीतून वर आलेला, खरा आनंद. पुढं त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, की आधी तो आनंद आला.

मग त्यानं एका ओळखीच्या कारकुनाला फोन लावला. सोडलेली जागा आता खालच्या नंबरला जाईल का?

"आता नाही, साहेब. मुदत संपली. ती आता रिकामीच राहणार."

"वर्षभर?"

"पूर्ण कोर्सभर. त्या बाकावर कुणी बसणार नाही."

त्यानं धाकट्याला सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, शेतात. धाकट्याची कंबर जरा सुटली होती. दोघं समोरासमोर बसून शेंगा तोडत होते. खारू आणि तिची आई खळ्यावर ताडपत्री पसरायला गेल्या होत्या.

थोरल्यानं सगळं सांगितलं. अर्ज, नंबर, मुलगा सोडू का म्हणत होता ते, आणि तो शेवटचा दिवसही. धाकटा ऐकत होता आणि त्याची बोटं चालूच होती.

"पोराला कॉम्प्युटर मिळालं ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"बरं झालं." एक झुपका संपला, त्यानं दुसरा घेतला. "त्यानं ती जागा घेतली असती तरी चाललं असतं, दादा. घरातच राहिली म्हणालो असतो. मग आता ती कुणाला गेली?"

"कुणालाच नाही. रिकामी राहिली."

धाकट्याची बोटं थांबली. "रिकामी?" तो म्हणाला. त्याला ते कळेना. त्यानं पुन्हा विचारलं, "म्हणजे कुणीच नाही तिथं?"

"कुणीच नाही."

धाकट्यानं हातातलं झाड बाजूला ठेवलं. दोघांपैकी एकालाच शिकवणं घराला झेपत होतं, तेव्हा आठवीतून शाळा सोडून विहिरी खणायला गेला होता तो हाच. ते त्यानं आयुष्यात कधी बोलून दाखवलं नव्हतं. आताही दाखवलं नाही. "खारूला तू सांग," तो म्हणाला. "मला नाही जमणार."

थोरल्यानं खळ्यावर जाऊन सांगितलं. खारू गुडघ्यांवर बसून शेंगा पसरत होती. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी तुम्हाला म्हणाले, आहे का आशा. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि ताडपत्रीचा कोपरा ओढून सरळ करायला लागली. तिची आई मात्र उठून उभी राहिली, थोरल्याकडं एकदा बघितलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला, परक्या माणसासमोर ओढतात तसा.

शेंगा वाळल्या तसं ट्रॅक्टरवाल्यानं मशीन आणलं. तोडायच्या राहिलेल्या पेंढ्या मशीनवर घालायच्या होत्या. दिवसभर धूळ आणि घरघर. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. थोरला पेंढ्या उचलून देत होता. आता त्याला कुणी चुका सांगत नव्हतं. त्यानं उलटी पेंढी दिली तर धाकटा ती मुकाट्यानं फिरवून घ्यायचा.

मशीन थंड करायला थांबवलं तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "काय गं खारू, लागला का नंबर?"

"नाही."

"अरेच्चा. मग कुणी नेली?"

"कुणी नाही नेली. मलाच मार्क कमी पडले," खारू म्हणाली.

ती काकाकडं बघतसुद्धा नव्हती. परक्यासमोर घरातलं झाकायचं, इतक्या साध्या कारणासाठी ती कमीपणा अंगावर घेत होती. थोरल्याला वाटलं, आता गप्प बसलो तर आपण माणसातून उठलो.

"तिला मार्क कमी नव्हते," तो मोठ्यानं म्हणाला. "जागा माझ्या मुलानं अडवली होती. मी सोडू दिली नाही. आणि शेवटी तो दुसरीकडं गेला. जागा वाया गेली."

मशीन बंद असल्यामुळं शब्द सगळीकडं गेले. ट्रॅक्टरवाल्याचा ड्रायव्हर, पोती शिवायला आलेल्या बायका, सगळे बघायला लागले.

ट्रॅक्टरवाला आधी चकित झाला, मग हसला. "घ्या. मी त्या दिवशी काय सांगत होतो? साहेबच खातात आणि साहेबच टाकून देतात. म्हणून म्हणतो, बंद करा ना हे सगळं. माझं पोरगं तरी बसलं असतं त्या बाकावर."

पोती शिवणारी एक बाई खुदकन हसली. धाकटा थोरल्याच्या अगदी जवळ आला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "हे सांगायची ही जागा होती का, दादा? तुझं मन हलकं झालं. आता हे वर्षभर आम्ही ऐकायचं."

थोरल्याला कळेना, बोलून चुकलो, की न बोलून चुकलो, की दोन्ही.

बोलली ती खारू. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी ती बोलली. "काकांनी केलं ते चूक केलं. त्यासाठी काकांना बोला, मी अडवणार नाही. पण बंद का करायचं? माझी संधी अजून गेलेली नाही. मी पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे." तिनं डोळे धुळीनं भरलेल्या बाहीनं पुसले, त्यामुळं तोंडावर चिखलाचा पट्टा उमटला. "चालू करा मशीन. ऊन चाललंय."

ट्रॅक्टरवाल्यानं तिच्याकडं बघितलं. मग त्यानं ड्रायव्हरला हात केला.

थोरला दुसऱ्या दिवशी निघाला. धाकट्यानं दरवर्षीसारखं शेंगांचं एक पोतं बांधून दिलं आणि एसटीच्या टपावर स्वतः चढवलं, कंबर दुखत असतानाही. थोरला खालून म्हणाला, "राहू दे, मी चढवतो." धाकट्यानं ऐकलं नाही. उतरल्यावर हात झटकले आणि "पोचलास की वहिनींना फोन करायला सांग," एवढंच बोलून तो घराकडं वळला.

शहरातल्या घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. मुलानं धावत येऊन पोतं घेतलं, तोंड सोडलं आणि तिथंच जमिनीवर बसून शेंगा फोडायला लागला.

"मस्त आहेत. ताईचं काय झालं हो? कुठंतरी वेटिंगला होती ना ती?" खारू त्याच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठी. तो तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला बुटक्या, तो तिच्यापेक्षा वीतभर उंच झाला तरी.

थोरला दारातच चपला काढत होता. "नाही लागला नंबर."

"का? कुणीच सोडली नाही?"

"तुझ्या मागचा नंबर तिचा होता," थोरला म्हणाला.

मुलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यानं बापाकडं बघितलं, मग आतून आलेल्या आईकडं. आईनं मान फिरवली, तेव्हा त्याला सगळं कळलं.

"मी विचारत होतो तुम्हाला," तो म्हणाला. "सोडू का, सोडू का. किती वेळा विचारलं, बाबा."

"तुझ्यासाठीच थांबलो आम्ही," आई म्हणाली.

"मला नको होती! मला नकोय हे तुम्हाला माहीत होतं ना? फक्त एवढं सांगायचं होतं, की ताई आहे मागं. मी तिथल्या तिथं सोडली असती."

तो उठला. शर्टावरची सालपटं खाली पडली. मोबाइल घेऊन तो गॅलरीत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं. काचेतून त्याची पाठ दिसत होती. पहिले दोन शब्द ऐकू आले, "ताई, मी..." आणि पुढं काही नाही. तो बराच वेळ ऐकत होता. मधेच त्यानं कपाळ कठड्याला टेकवलं. मग सरळ झाला, मान हलवत राहिला, आणि एकदा तर थोडंसं हसलाही.

थोरला उभाच होता. बायकोनं पाणी आणून दिलं, ते त्याच्या हातातच राहिलं.

मुलगा आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"काय म्हणाली?"

"काही नाही. मशीनवर धूळ फार उडाली म्हणाली. खोकला झालाय तिला. शेळी व्यायलीय, दोन पिल्लं झाली. मला बघायला बोलावलंय."

"आणि मी पोचलो ते सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

मुलानं खाली वाकून सांडलेली सालपटं गोळा करायला सुरुवात केली. "मग काही नाही, बाबा," तो म्हणाला. "ती शेळीचंच सांगत होती."